परतीचे दोर कापताना

'डोरेमॉन' या जपानी कार्टूनमधला नोबिता कधी वरच्या इयत्तेत जात नाही. वर्षानुवर्षं तो त्याच बाकावर बसतो, त्याच गुरुजींची बोलणी खातो, शून्य मार्कांचा पेपर आईपासून लपवतो आणि जियानच्या हातचा मार खाऊन रडत रडत डोरेमॉनकडे येतो. ढोलकपूरचा भीम २००८ साली पोगो वाहिनीवर आला तेव्हा नऊ वर्षांचा होता, आजही नऊ वर्षांचाच आहे. इंग्लंडातल्या मॉसी बॉटम फार्मवरचा शॉन नावाचा मेंढा दर भागात मालकाची नजर चुकवून काहीतरी उचापत करतो आणि मालक परतायच्या आत सगळं जिथल्या तिथे ठेवून साळसूदपणे चरायला लागतो.

मुलांच्या बहुतेक कार्टून मालिका अशाच बेतलेल्या असतात. सात किंवा अकरा मिनिटांचा भाग, त्यात एक घोळ, आणि शेवटी सगळं पूर्वपदावर. वाहिनीला हे सोयीचं पडतं, कारण भाग कुठल्याही क्रमाने दाखवता येतात. शाळेतून आलेलं मूल दप्तर टाकून मधूनच बघायला बसलं तरी त्याचं काही अडत नाही. आणि यात मुलांचीही एक गरज भागते. चार-पाच वर्षांच्या मुलाला जगातल्या पुष्कळ गोष्टी अनोळखी असतात. त्यात ही एक जागा अशी, की तिथे काल जे होतं तेच आज आहे. एकच भाग वीस वेळा लागला तरी पोरं त्याच जागी तितक्याच जोरात हसतात, ते या भरवशामुळे.

आता याच मंडळींना घेऊन दीड तासाचा चित्रपट करायचा म्हटलं की हाच भरवसा आडवा येतो. घरी रोज फुकट दिसणारा नोबिता बघायला आईबाबांनी मुलांना घेऊन थिएटरपर्यंत यावं आणि सगळ्यांची तिकिटं काढावीत, असं त्यात काय आहे? ही झाली निर्मात्याची चिंता. पटकथाकाराची चिंता याहून मोठी. शेवटी सगळं ठीक होणार हे ज्या गोष्टीत पहिल्या मिनिटापासून दिसतं, तिच्यासाठी कोणी दीड तास जीव मुठीत धरून बसणार नाही. म्हणून मालिकेने जे परतीचे दोर पक्के बांधून ठेवलेले असतात, ते चित्रपटाला कापावे लागतात. कोणता दोर कापायचा, कुठे कापायचा आणि शेवटी तो पुन्हा बांधायचा की नाही, यावर अशा चित्रपटाचं सगळं अवलंबून असतं असं माझं मत आहे. थ्रीडी, गाणी, नामवंतांचे आवाज यांचा विचार त्यानंतर.

हा विचार टाळून जाण्याची वाट अर्थातच आहे. जपानमध्ये तोएई कंपनी १९६०च्या दशकापासून शाळांच्या सुट्ट्यांत मुलांसाठी चित्रपटांचा मेळा भरवायची. त्यात एखादा खास केलेला मोठा चित्रपट असे आणि जोडीला टीव्हीवर लागून गेलेले भागच मोठ्या पडद्यावर दाखवले जात. मुलं खूश होत, आईबाबांचाही वेळ बरा जाई. आपल्याकडे भीमचे जे अनेक 'मूव्ही' टीव्हीवर सुट्टीच्या दिवशी लागतात, तेही बहुतेक तासाभराचे ऐसपैस भागच असतात. त्यात गैर काही नाही. पण लांबी वाढली म्हणून भागाचा चित्रपट होत नाही. तो कसा होतो हे बघायचं तर डोरेमॉनचा १९८० सालचा पहिला चित्रपट उलगडून पाहावा.

डोरेमॉन आधी कागदावर जन्मला. १९६९च्या अखेरीस शोगाकुकान या प्रकाशनसंस्थेच्या इयत्तावार निघणाऱ्या मासिकांत फुजिको एफ. फुजिओ यांनी तो काढायला सुरुवात केली. टीव्हीवरचा पहिला प्रयत्न १९७३ साली झाला आणि काही महिन्यांतच बंद पडला. मग २ एप्रिल १९७९ रोजी टीव्ही असाहीवर नवी मालिका सुरू झाली. सुरुवातीला संध्याकाळी दहा मिनिटांचा भाग लागायचा. मालिका इतकी उचलली गेली की वर्षाच्या आत चित्रपट तयार झाला. १५ मार्च १९८० रोजी तो लागला. जपानमध्ये शाळेचं वर्ष मार्चमध्ये संपतं, त्यामुळे ऐन सुट्टीच्या तोंडावर. सोबतीला गॉडझिलाचा एक जुना चित्रपट जोडून दिला होता.

फुजिओ तोवर छोट्या कथा लिहीत आले होते. काही पानांत एक गॅजेट, एक फजिती आणि शेवट. चित्रपटासाठी त्यांनी नवीन विषय शोधला नाही. १९७५ साली लिहिलेली आपलीच एक कथा त्यांनी पुन्हा हातात घेतली. नोबिताचा मित्र सुनियो डायनोसॉरच्या नखाचा जीवाश्म दाखवून फुशारक्या मारतो. नोबिता चिडून म्हणतो, मी अख्खा डायनोसॉर शोधून दाखवीन, नाही दाखवला तर नाकाने स्पॅगेटी खाईन. मग तो खरोखर जमीन खणत बसतो. अंड्याच्या आकाराचा एक दगड हाती लागतो. डोरेमॉनच्या काळ मागे नेणाऱ्या कापडात गुंडाळल्यावर त्या दगडाचं ताजं अंडं होतं. नोबिता ते पांघरुणात घेऊन आपल्या अंगाच्या उबेने उबवतो. पिल्लू बाहेर येतं. त्याचं नाव पिसुके. लांब मानेचा समुद्री जीव. कपाटात लपवून, मग तळ्यात ठेवून नोबिता त्याला वाढवतो आणि तो लपवण्यापलीकडे मोठा झाला की टाइम मशीनमधून दहा कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रात सोडून येतो. मूळ कथा इथे संपते. चटका लावणारी, पण मालिकेच्या चाकोरीतली. नोबिता घरी परत, सगळं पूर्वपदावर.

चित्रपट इथून पुढे खरा सुरू होतो. भूतकाळ दाखवणाऱ्या पडद्यावर मुलांना दिसतं की पिसुकेला चुकीच्या किनाऱ्यावर सोडलं गेलंय. जाताना डायनोसॉरच्या शिकाऱ्याने पाठलाग केला होता, त्या धुमश्चक्रीत टाइम मशीनला मार बसला. पिसुके जपानचा, आणि जाऊन पडला अमेरिकेच्या समुद्रात. तिथले मोठे प्राणी त्याला जवळ येऊ देत नाहीत. मग नोबिता, डोरेमॉन आणि बाकीचे मित्र असे पाच जण त्याला आणायला निघतात. एवढ्यांचा भार टाइम मशीनला सोसत नाही आणि ते बिघडतं. काळ ओलांडणं त्याला जमतं, जागा बदलणं जमत नाही. टाइम मशीनचं दार म्हणजे नोबिताच्या अभ्यासाच्या टेबलाचा खण. याचा अर्थ घरी जायचं असेल तर दहा कोटी वर्षांनंतर जिथे ते टेबल असणार आहे, त्या जागेपर्यंत मशीन घेऊन पोहोचायला हवं. अमेरिकेतून जपानपर्यंत, डायनोसॉरच्या जंगलांतून.

इथे फुजिओंनी केलेलं काम मला थक्क करतं. मालिकेत तो खण म्हणजे रोजची सुटकेची वाट. अडचण आली की खणात उडी मारायची. चित्रपटातही खण तोच, फक्त त्याच्या आणि मुलांच्या मध्ये एक अख्खा प्रवास उभा राहिला. डोक्यावर लावायच्या बांबूच्या पंख्यांचंही तसंच. मालिकेत ते कधीही लावा, उडा. इथे त्यांची बॅटरी संपत येते, अधूनमधून त्यांना विश्रांती द्यावी लागते, आणि उडण्याऐवजी बरीच वाट पायी तुडवावी लागते. जादू काढून घेतलेली नाही. तिला हिशेब आला आहे, आणि हिशेब आला की बघणारं मूल आपोआप मोजायला लागतं. अजून किती उरलंय? पोहोचतील का?

आणि मग तो प्रसंग येतो. शिकारी मुलांपुढे सौदा ठेवतो. पिसुके आम्हाला द्या, आम्ही तुम्हाला आत्ता घरी सोडतो. मुलं दमलेली, भेदरलेली. सुनियोला घरी जायचंय, आणि खरं सांगायचं तर त्यात त्याचं काही चुकत नाही. नोबिता पिसुकेला सोडायला तयार नाही, पण सगळ्यांना आपल्यामागे फरपटत नेण्याचा हक्क आपल्याला आहे का, हे त्यालाही कळत नाही. त्या वेळी जियान बोलतो. प्रवासात त्याचा पंखा बंद पडून तो खाली कोसळत असताना नोबिताने त्याचा हात धरला होता आणि दोघंही पडतील अशी वेळ आली तरी सोडला नव्हता. जियान म्हणतो, याने माझा हात सोडला नाही, मी याच्यासोबत चालत येणार.

रोज नोबिताला बुकलणारा जियान हे बोलतो. जपानमधल्या चाहत्यांनी पुढे या जियानला वेगळं नावच दिलं, चित्रपटातला जियान. मालिकेतला दांडगट, चित्रपटात मात्र मित्रासाठी जीव टाकणारा. पण नीट बघितलं तर तो बदललेला नाही. मालिकेतही तो जोरकस आहे, हट्टी आहे, एकदा ठरवलं की मागे न हटणारा आहे. मालिकेत हे सगळं खेळण्याबागडण्याच्या छोट्या जागेत कोंडलेलं असतं, म्हणून ते दादागिरीच्या रूपात बाहेर येतं. परतीचा दोर तुटला, खरा धोका समोर आला, की तोच हट्ट धैर्याच्या कामी येतो. मालिकेतलं पात्र चित्रपटात मोठं कसं करावं याचा यापेक्षा चांगला धडा मला माहीत नाही. स्वभाव तोच ठेवायचा, परिस्थिती अशी बदलायची की त्या स्वभावाची दुसरी बाजू दिसावी.

पिसुकेच्या जातीबद्दल जाता जाता एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. त्याच्यासारख्या लांब मानेच्या समुद्री सरीसृपाचे जीवाश्म १९६८ साली जपानच्या फुकुशिमा प्रांतात एका शाळकरी मुलालाच सापडले होते. शास्त्रीय नाव मिळायला मात्र २००६ साल उजाडलं, फुताबासॉरस सुझुकी. आणि त्याच वर्षी, डोरेमॉनचे जुने आवाज निवृत्त होऊन नवी मंडळी आल्यानंतर, त्यांचा पहिला चित्रपट म्हणून हीच गोष्ट पुन्हा नव्याने पडद्यावर आली.

१९८० नंतर काही अपवाद वगळता दर वर्षी डोरेमॉनचा एक चित्रपट आला. आता ती संख्या चाळीसच्या पुढे गेली आहे. फुजिओ हयात असेपर्यंत चित्रपटाची दीर्घकथा आधी मासिकात क्रमशः लिहीत आणि काढत. १९९६ साली अशाच एका दीर्घकथेचं काम चालू असताना त्यांचं निधन झालं. लेखकाची अडचण दर वर्षी तीच असणार. पोटावरच्या खिशातून हवं ते काढता येत असेल तर संकट कसलं? त्यावर त्यांनी नाना युक्त्या काढल्या. कधी गॅजेट बिघडतं, कधी हाताशी नसतं, कधी ऐनवेळी घाबरलेला डोरेमॉन खिशातून नको त्या वस्तूंचा ढीग काढत बसतो. ही शेवटची युक्ती मला विशेष आवडते, कारण तिचं मूळ डोरेमॉनच्या घाबरट स्वभावात आहे.

दोर भलत्याच कारणासाठी कापला तर काय होतं, याचं उदाहरण अमेरिकेत १९८६ साली घडलं. ट्रान्सफॉर्मर्स ही मालिका हॅस्ब्रो कंपनीच्या खेळण्यांवर बेतलेली होती, १९८४ पासून टीव्हीवर चालू होती. ऑप्टिमस प्राइम हा चांगल्या यंत्रमानवांचा नायक. धीरगंभीर आवाजाचा, मुलांना वडिलांसारखा वाटणारा. ऑगस्ट १९८६ मध्ये चित्रपट आला आणि पहिल्या अर्ध्या तासातच ऑप्टिमस प्राइम मेला. त्याचे लाल-निळे रंग उतरत गेले आणि तो करडा पडला. त्याच्यासोबत मालिकेतले इतरही ओळखीचे चेहरे पटापट मारले गेले. थिएटरांत मुलं हमसून हमसून रडली. पालकांच्या तक्रारी आल्या.

त्याला मारण्याचं कारण असं, की कंपनीला त्या वर्षी नवी खेळणी बाजारात आणायची होती आणि जुन्यांची जागा मोकळी करायची होती. मुलांसाठीच्या गोष्टीत मृत्यू येऊ नये, असं मी म्हणणार नाही. मुलांना मृत्यू कळतो आणि चांगली गोष्ट तो कळायला मदत करते. पण गोष्टीतल्या मृत्यूचं कारण गोष्टीतच असावं लागतं. मेलेल्याची उणीव पुढच्या तासाभरात जाणवत राहावी लागते. इथे नायक गेला आणि कथा नव्या यंत्रमानवांना घेऊन तशीच पुढे धावत सुटली. कंपनीलाही चूक उमगली. तिच्याच जी. आय. जो या दुसऱ्या मालिकेच्या चित्रपटात ड्यूक नावाचा नायक मरणार होता. चित्रं काढून झाली होती, म्हणून संवाद बदलून तो कोमात गेल्याचं सांगितलं गेलं आणि शेवटी तो शुद्धीवर आल्याचंही. ऑप्टिमस प्राइमही १९८७ मध्ये मालिकेत जिवंत होऊन परतला.

डोरेमॉनच्या जवळ जाणारं, पण अगदी वेगळ्या हाताने केलेलं काम म्हणजे ब्रिस्टलच्या आर्डमन स्टुडिओचा शॉन द शीप. शॉन पहिल्यांदा दिसला १९९५ साली, निक पार्क यांच्या वॉलेस आणि ग्रॉमिटच्या 'अ क्लोज शेव्ह' या लघुपटात. त्याची स्वतंत्र मालिका २००७ पासून बीबीसीवर सुरू झाली. भाग सात मिनिटांचा आणि त्यात एकही शब्द नाही. माणसंसुद्धा नुसतं गुरगुरतात, पुटपुटतात. २०१५ साली चित्रपट आला तेव्हा तो ८५ मिनिटांचा होता, आणि त्यातही कोणी बोलत नाही. मालिकेला आकार देणारे रिचर्ड स्टारझॅक आणि पटकथालेखक मार्क बर्टन या दोघांनी मिळून तो दिग्दर्शित केला. ८५ मिनिटं बिनसंवादाचा मुलांचा चित्रपट काढायला छाती लागते. नामवंत नटाचा आवाज घालून पोस्टरवर नाव मिरवण्याचा मोह तिथेही झाला असता तर नवल नव्हतं.

या चित्रपटाची गोष्ट मालिकेच्या साचेबंदपणातूनच निघते. रोज तोच कोंबडा, तेच वेळापत्रक, तीच लोकर कातरणी. शॉन कंटाळतो आणि एक दिवस सुट्टी घ्यायची ठरवतो. मेंढ्या कुंपणावरून एकामागून एक उड्या मारतात, मालक त्या मोजता मोजता झोपतो. त्याला एका जुन्या कॅरव्हॅनमध्ये नेऊन निजवतात. इथवर मालिकेचा एखादा भागच चाललाय असं वाटतं. मग कॅरव्हॅनची अडण सुटते, ती उतारावरून घरंगळत थेट शहरात जाते, मालकाच्या डोक्याला मार बसतो आणि त्याची स्मृती जाते.

मालिकेत मालकाला कधीच काही कळत नाही, हा तिथला हक्काचा विनोद. आपल्या मेंढ्या आपल्यामागे काय काय करतात याचा त्याला पत्ता नसतो. चित्रपटाने तेच न कळणं उचललं आणि त्याचा अर्थ पालटला. कळप शहरभर वणवण करून मालकाला शोधतो. तो एका सलूनमध्ये प्रसिद्ध केशकर्तनकार झालेला असतो, कारण बाकी सगळं विसरला तरी मेंढ्या कातरण्याची सवय हातांना राहिली आहे. शॉन आनंदाने त्याच्यापुढे जाऊन उभा राहतो. मालक त्याला ओळखत नाही आणि बाहेर हाकलतो. ज्या गोष्टीवर मूल वर्षानुवर्षं हसलं, तिच्यावरच आता त्याच्या घशात आवंढा येतो. नवा खलनायकही आहे, मोकाट जनावरं पकडणारा ट्रम्पर नावाचा माणूस. पण तो नसता तरी चित्रपट उभा राहिला असता. खरा घाव त्या न ओळखण्याचा आहे.

हे सगळं हाताने, बाहुल्या इंचाइंचाने हलवून केलेलं आहे, हे ध्यानात घेतलं की धैर्य आणखी कळतं. स्टॉप मोशन प्रकारात एक ॲनिमेटर दिवसभरात साधारण दोन सेकंदांचं चित्रण पूर्ण करतो. ८५ मिनिटं म्हणजे ५,१०० सेकंद. एकट्याने करायचं तर २,५५० दिवस लागतील, सुट्टी न घेता सात वर्षं. म्हणून एकाच वेळी अनेक सेटवर अनेक ॲनिमेटर काम करतात आणि प्रत्येकाजवळ शॉनची बाहुली वेगळी असते. दहा सेटवरच्या दहा शॉनचे डोळे एकाच प्रकारे उदास दिसले पाहिजेत. शब्द नाहीत, भुवया नाहीत, तोंडही बहुतेक वेळ बंद. पापणी किती मिटली आणि मान किती झुकली यावर सगळा अभिनय. टीव्हीच्या लहान पडद्यावर एखादी पापणी कमी-जास्त मिटली तर चालून जातं. थिएटरमध्ये तोच चेहरा भिंतीएवढा होतो.

हाताने काढलेल्या चित्रांच्या बाबतीतही हा प्रश्न येतोच. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा असतो. टीव्ही मालिकांत खर्च वाचवायला एकच चित्र अनेकदा तीन चौकटी तसंच ठेवतात, म्हणजे सेकंदाला आठच चित्रं. शरीर स्थिर ठेवून नुसते ओठ हलवायचे, धावण्याची तीच चित्रं पुन्हा वापरायची, या युक्त्या तिथे सर्रास चालतात. ९० मिनिटांत १,२९,६०० चौकटी भरतात, त्यामुळे चित्रपटात युक्त्या किती चालवायच्या हे पैशावर ठरतं. पार्श्वभूमीसुद्धा पुन्हा रंगवावी लागते, कारण टीव्हीवर पुरणारी एक टेकडी आणि दोन झाडं मोठ्या पडद्यावर ओकीबोकी दिसतात. मात्र उलट टोकही वाईट. पात्रावर इतकी छायाप्रकाशाची कलाकुसर होते की मुलाला आपला ओळखीचा चेहराच सापडत नाही. रेषा तीच ठेवून तिच्याभोवतीचं जग खोल करणं, हा मधला मार्ग शॉनने आणि डोरेमॉनच्या बऱ्याच चित्रपटांनी धरला.

चित्रपट संपला की दोराचं काय करायचं, हा प्रश्न उरतो. डोरेमॉनने तो सोपा ठेवला. थिएटरमध्ये जिवाला जीव देणारा जियान पुढच्या आठवड्यात टीव्हीवर पुन्हा मूठ वळून उभा, आणि मुलांना त्यात काही खटकत नाही. शॉनच्या चित्रपटातही सगळे अखेर फार्मवर परततात. पाण्याखाली राहणाऱ्या स्पंजबॉब या कार्टून पात्राच्या बाबतीत मात्र जरा वेगळं घडलं. त्याचे जनक स्टीफन हिलेनबर्ग हे आधी सागरी जीवशास्त्र शिकवायचे. १९९९ साली मालिका सुरू झाली, ती धो धो चालली, चित्रपटाची मागणी आली, आणि ते वर्षभराहून अधिक काळ नाहीच म्हणत राहिले. अकरा मिनिटांचा जीव दीड तास ओढला तर तो तुटेल ही त्यांची भीती होती. अखेर २००४ साली त्यांनी चित्रपट केला तो प्रवासाचा. पाण्याखालचं आपलं गाव सोडून स्पंजबॉब आणि त्याचा तारामासा मित्र पॅट्रिक राजाचा चोरलेला मुकुट आणायला निघतात आणि पाण्याबाहेरच्या जगात पोहोचतात. तिथल्या दुकानात समुद्रातले जीव दिव्याखाली वाळवून शोभेच्या वस्तू केल्या जातात. त्या दिव्याखाली दोघं सुकत जातात, आणि काही क्षण पडद्यावर एक वाळका स्पंज आणि एक वाळका तारामासा एवढंच उरतं. समुद्राचा अभ्यास केलेल्या माणसालाच असा प्रसंग सुचू शकतो. अशी वाळवलेल्या जिवांची दुकानं त्याने पाहिलेली असतात.

हिलेनबर्ग यांच्या मते मालिकेचा शेवट हाच व्हायला हवा होता. वाहिनीला तो परवडणारा नव्हता. मालिका चालू राहिली आणि त्यांनी रोजची सूत्रं दुसऱ्याच्या हाती दिली. २०१८ साली ते गेले, मालिका अजून चालू आहे. चित्रपटात सांगायचं ते सांगून झालं असं मूळ लेखकाला वाटत असताना पात्राने पुढे चालत राहावं का, यावर माझा कौल लेखकाच्या बाजूने आहे. पण कोट्यवधी मुलांचा कौल दुसरीकडे पडला, हेही खरं.

आपल्याकडे हा प्रवास उशिरा सुरू झाला, तरी सुरू झाला. हैदराबादच्या ग्रीन गोल्ड ॲनिमेशनचे राजीव चिलाका यांनी मे २०१२ मध्ये 'छोटा भीम अँड द कर्स ऑफ दमयान' थिएटरमध्ये आणला. पुढे 'थ्रोन ऑफ बाली', 'हिमालयन ॲडव्हेंचर', २०१९ मध्ये थ्रीडीतला 'कुंग फू धमाका', आणि २०२४ साली दमयानचीच कथा खऱ्या नटांना घेऊन, ज्यात गुरू शंभू झाले अनुपम खेर आणि स्कंधी झाले मकरंद देशपांडे. २०१६ मध्ये 'मोटू पतलू: किंग ऑफ किंग्ज' आला. त्याचे दिग्दर्शक सुहास कडव, गाणी गुलजारांची, संगीत विशाल भारद्वाज यांचं. म्हणजे माणसं मोठी आहेत, हातात कसब आहे, मुलं तर वाट बघतच असतात.

दमयानच्या कथेत नेमकी जागा सापडलीही होती. खजिन्याच्या मोहाने राजा इंद्रवर्मा स्वतःच्या पायाने संकटाकडे जातो आणि ढोलकपूरच शत्रूच्या हाती पडतं. रोज ज्या गावात भाग सुरू होतो आणि संपतो, ते गावच गेलं. केवढा मोठा दोर कापला गेला! पण भीम शेवटी जिंकणार हे त्यानंतरही क्षणभर विसरायला होत नाही, कारण भीमची ताकद आणि तिच्यामागचा लाडू यांना हिशेब येत नाही. बॅटरी संपत आलेला पंखा नोबिताकडून जे करवून घेतो, तसं काही भीमकडून करवून घेतलेलं मला अजून बघायचं आहे. चुटकी, राजू, कालिया, ढोलू-भोलू ही सगळी पात्रं त्यासाठी तयार आहेत. कालिया तर जियानच्याच कुळातला. भीम हरतोय आणि कालियाने पुढे व्हायचं की पळायचं हे ठरवायचंय, असा एक प्रसंग कोणी लिहिला तर भारतातली मुलं तो जन्मभर विसरणार नाहीत. त्यासाठी थ्रीडी लागत नाही. लेखकाला सहा महिने निवांतपणे लिहू द्यावं लागतं, आणि निर्मात्यांना पैसा आधी तिथे घालावा लागतो.

तोवर पालकांना एक सांगणं आहे. शॉनचा चित्रपट कुठे मिळाला तर मुलांसोबत बसून पाहा. त्यात संवादच नसल्यामुळे तो डब करावा लागत नाही, मराठी शाळेतल्या मुलाला तो लंडनच्या मुलाइतकाच कळतो, आणि अडीच वर्षांच्या धाकट्यापासून आजीपर्यंत सगळे एकत्र बघू शकतात. मुलांना मोबाइल देऊन आपण दुसऱ्या खोलीत जाण्यासारखा हा चित्रपट नाही. मालक शॉनला ओळखत नाही त्या प्रसंगात मोठं माणूस शेजारी असलेलं बरं. ८५ मिनिटांचाच आहे, एखाद्या रविवारी संध्याकाळी सहज होईल.